खोडाला पट्टा: माड, पोफळ, आंबा, काजू यांना गुंडाळायच्या संरक्षक पट्ट्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संरक्षक पट्टा म्हणजे नेमके काय?

एखाद्या वस्तूभोवती गोल गुंडाळून तिचे कशापासून तरी रक्षण करणारी कोणतीही पट्टी. मुसळाच्या टोकाची शेंबी, बैलगाडीच्या चाकाची धाव, पिंपाच्या फळ्या धरून ठेवणारी कडी, मुरगळलेल्या घोट्यावरचे बँडेज ही सगळी एकाच घरातली भावंडे. काम मात्र तीन वेगळ्या प्रकारचे असते. काही पट्टे आवळून धरतात (पिंपाची कडी), काही झीज किंवा ऊन स्वतःच्या अंगावर घेतात (धाव, शेंबी), तर काही वाट अडवतात.

बागेत हे तिन्ही प्रकार लागतात. माडाचा पत्रा वाट अडवतो, पोफळीला बांधलेली झावळीची विरी ऊन अंगावर घेते, कलमाची प्लास्टिक पट्टी आवळून धरते. आपण कोणत्या कामासाठी पट्टा बांधतो आहोत हे आधी ठरवले नाही तर पट्टा बांधूनही काही साधत नाही. उडत येणाऱ्या किडीसाठी खोडाला ग्रीस फासणारे लोक दरवर्षी भेटतात.

माडाला पत्रा कशासाठी लावतात?

उंदरांसाठी. काळा उंदीर खोडावरून सरसर चढतो, शेंड्यात घरटे करतो आणि कोवळी फळे पोखरतो. पाण्याने भरलेली, करवंटी अजून टणक न झालेली, साधारण तीन ते सहा महिन्यांची फळे त्याला आवडतात. गुळगुळीत पत्र्यावर त्याच्या नख्या रुतत नाहीत, तो घसरून खाली येतो. यंत्र नाही, विष नाही, रोजची देखभालही नाही. म्हणूनच हा उपाय इतकी वर्षे टिकून आहे.

फळे गळतात ती उंदरामुळेच, हे कसे ओळखायचे?

खाली पडलेले फळ उचलून देठाची बाजू पाहा. उंदराने खाल्लेल्या फळाला टोपीच्या जवळ गोल भोक असते, कडा कुरतडलेल्या दिसतात आणि आत पाणी नसते. भोक नसेल तर पत्र्याचा विचार सोडा. टोपीखालून त्रिकोणी तपकिरी डाग उतरले असतील, फळ खुजे राहून भेगाळले असेल तर तो कोळी किडीचा त्रास. ही कीड डोळ्यांना दिसतही नाही. लिंबाएवढी फळे भोकाशिवायच गळत असतील तर पाणी, खत किंवा परागीभवन यांत कुठेतरी कमी पडते आहे.

चानीनेही (खारीनेही) असेच भोक पडते. फरक इतकाच की चानी दिवसा दिसते, उंदीर रात्री येतो.

पत्रा कोणता घ्यावा आणि एका पत्र्यात किती माड होतात?

जस्ताचा मुलामा दिलेला २८ गेजचा सपाट पत्रा चांगला. पन्हाळीदार पत्रा चालत नाही, कारण त्याच्या नाळांतून उंदीर चढतो. पट्ट्याची रुंदी ४० सेंटीमीटर ठेवा. ‘एक वीत पुरे’ असे सांगणारे असतात, पण उंदीर अंग ताणून आणि उडी मारून तेवढे अंतर सहज ओलांडतो.

८ बाय ४ फुटांचा पत्रा म्हणजे साधारण २४४ बाय १२२ सेंटीमीटर. रुंदीत ४० सेंटीमीटरच्या तीन पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी मधोमध कापली की १२२ सेंटीमीटर लांबीचे एकूण सहा पट्टे मिळतात. ३० सेंटीमीटर जाडीच्या खोडाचा घेर ९५ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. वर जोडासाठी ८ सेंटीमीटर धरले तरी पट्टा पुरून उरतो. बुंध्याशी खोड फुगलेले असते म्हणून घेर तिथे मोजू नका, जिथे पट्टा बसणार तिथेच सुतळी गुंडाळून मोजा.

गोव्यातल्या मोरजी, हरमल, बाणावली अशा किनाऱ्यालगतच्या बागांत खारा वारा जस्ताचा मुलामा लवकर खातो. तिथे ॲल्युमिनियम बरे. छापखान्यातल्या वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा पातळ असल्या तरी या कामाला चालतात. मात्र ॲल्युमिनियमला लोखंडी खिळा किंवा तार लावू नका. दोन वेगळे धातू आणि खारे पाणी एकत्र आले की खिळ्याभोवतीचा पत्रा कुजून भोक मोठे होते आणि एखाद्या जूनमधल्या वाऱ्यात पट्टा खाली येतो. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमचीच तार वापरा.

जुन्या फ्लेक्सच्या बॅनरचा पट्टा करू नका. त्याच्या विणीत नख्या अडकतात आणि एका उन्हाळ्यात तो तडकतो.

लावायचा कसा? क्रमाने सांगा.

पहिले काम पत्र्याचे नाही, शेंड्याचे. पाडेली नारळ काढायला चढेल त्याच दिवशी त्याच्याकडून शेंडा साफ करून घ्या. सुकलेल्या झावळ्या, जुन्या पोयी (फुलोरे), काथ्याचा कचरा, उंदरांची घरटी, सगळे खाली. उंदीर वर असताना खाली पत्रा लावला तर आपण त्याला बाहेर ठेवत नाही, वर कोंडतो. वर पाणी आहे, खाणे आहे, त्याला उतरायची गरजच काय? ‘पत्रा लावूनही नारळ जातात’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

मग जागा ठरवा. पट्ट्याची खालची कड जमिनीपासून किमान २ मीटर वर हवी. तेवढ्या पट्ट्यातले खोड शेवाळ आणि सुकलेले काथे खरवडून साफ करा. साल सोलू नका. पत्र्याच्या वरच्या आणि खालच्या कडा अर्धा सेंटीमीटर दुमडून ठोकून घ्या, नाहीतर त्या कोयत्यासारख्या कापतात आणि पहिली जखम पाडेलीच्या पायाला होते.

पत्रा खोडाभोवती घट्ट ओढून कडा एकमेकींवर ८ सेंटीमीटर चढवा. जोड पूर्वेकडे ठेवा, कारण आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. जोडाच्या दोन्ही पदरांतून चार-पाच भोके पाडून तारेने आवळा आणि तारेची टोके पदराखाली वाकवून दाबा. बाहेर राहिलेले तारेचे टोक म्हणजे उंदराला आयती पायरी. शेवटी जोडावरून हातोडी फिरवून तो सपाट करा.

खिळे ठोकले तर चालतील का?

पत्रा पत्र्याला जोडता येत असेल तर खोडात ठोकू नका. माडाचे खोड जखम भरून काढत नाही. आंब्याला खिळा मारला तर काही वर्षांत साल त्याच्याभोवती वाढते, माडाला पडलेले भोक कायमचे राहते. ओल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो एकदा आत शिरला की माड वाचवणे कठीण. खोड वाकडे असल्याने पत्रा खाली घसरत असेल तर वरच्या कडेला दोन जस्ती खिळे, तेही ३ सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत.

पट्ट्याखालून उंदीर निसटतो तो कुठून?

खोडाला पायऱ्या कोरलेल्या असतील तर त्या खाचांतून. हा खास आपल्या भागातला प्रश्न. पट्टा दोन पायऱ्यांच्या मधल्या सपाट भागावर बसत असेल तर उत्तम. बसत नसेल तर खाच चिकणमाती आणि चुन्याच्या गिलाव्याने भरा. सिमेंट नको. ते पाणी धरून ठेवते आणि आतले खोड कुजते.

पत्रा नीट लावला, शेंडा साफ केला, तरी त्रास आहे. का?

उंदीर खोडावरून येतच नसेल. वर पाहा. शेजारच्या माडाची झावळी आपल्या झावळीला टेकली असेल तर एका माडावरून दुसऱ्यावर त्याचा राजरस्ता तयार आहे. माड साडेसात मीटर अंतरावर लावलेले असतील तर पट्टे काम देतात. दाटीच्या बागेत एकेका माडाला पत्रा लावणे म्हणजे घराचे एकच दार बंद करण्यासारखे. तिथे सगळ्या माडांना एकदमच लावावे लागतात आणि कडेची आंबा-फणसाची झाडेही छाटावी लागतात.

मग केबलच्या तारा. वाड्यावाड्यांतून टीव्हीची आणि इंटरनेटची केबल माडालाच बांधून नेलेली असते, आणि बहुधा पत्र्याच्या वर. केबलवरून चालणे उंदराला अजिबात कठीण नाही. केबल हलवून घ्या. निदान ती पत्र्याच्या खाली आणा. माडावर मिरवेल (मिरीची वेल) चढवली असेल तर पत्रा विसरा, ती वेलच शिडी आहे. गडग्यापासून, लाकडांच्या राशीपासून, गोठ्याच्या छपरापासूनही माड दीड-दोन मीटर मोकळा हवा.

कुळागरात पोफळी, मिरवेल, माड सगळे एकत्र असते. तिथे काय करावे?

तिथे पत्र्याची आशा धरू नका. सावईवेरे, प्रियोळकडच्या दाट कुळागरांत प्रत्येक झाड दुसऱ्याला टेकलेले असते. सापळे, शेंड्याची वारंवार सफाई आणि लागलेच तर शेंड्यात ठेवायच्या ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्के मेणवड्या हाच मार्ग. दर पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात १० ग्रॅमची वडी ठेवायची आणि १२ दिवसांनी पुन्हा एकदा. जमिनीवर टाकू नका. हे विष रक्त गोठू देत नाही, ते कुत्र्या-मांजरांच्या पोटात गेले तरी तेच करते. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही जाते. मेलेले उंदीर गोळा करून पुरा.

माकडांना पत्रा अडवतो का?

नाही. ती बाजूच्या झाडावरून उडी मारतात. एकाकी, मोकळ्यावर उभ्या माडापुरता थोडा उपयोग होतो.

गेंड्या भुंग्याला?

तो उडत येतो. त्याच्यासाठी शेंडा तपासणे आणि शेणखताचा खड्डा साफ ठेवणे, कारण त्याच्या अळ्या तिथे वाढतात.

रेंदेर सूर (ताजी माडी) काढतो त्या माडाला पत्रा लावावा का?

नको. रेंदेर दिवसातून तीन वेळा चढतो. सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय तासायला. २ मीटरवर ४० सेंटीमीटर गुळगुळीत पत्रा त्याच्या वाटेत ठेवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. पोयीलाही त्याचा स्वतःचा पट्टा असतोच. न उमललेली पोय फुटून पसरू नये म्हणून तो ती गच्च गुंडाळतो आणि मगच टोकाला काती, म्हणजे तासायची सुरी, लावतो. आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा याहून सुबक नमुना बागेत दुसरा नाही.

पत्र्याने माडाचा गळा आवळला जात नाही का? आंब्याला लावलेली तार तर आत रुतली.

सगळ्या पट्ट्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

आंबा, काजू, फणस, चिकू यांच्या सालीच्या लगेच आत वाढीचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी खोड जाड करतो. पानांनी तयार केलेले अन्न याच सालीच्या आतल्या भागातून मुळांकडे उतरते. तिथे न सुटणारा पट्टा असेल तर खोड पट्ट्याच्या वर फुगत जाते, खाली अन्न पोचत नाही, मुळे उपाशी राहतात. झाड एका दिवसात मरत नाही. एक-दोन वर्षे मोहोरही भरपूर येतो, मालक खूश होतो आणि मग एक बाजू वाळायला लागते.

माड आणि पोफळ हे ताडाच्या कुळातले. त्यांना हा थर नाही. शेंड्यातून खोड एकदा जितके जाड होऊन बाहेर पडले तितकेच ते राहते, पुढे फक्त उंची वाढते. अन्नपाण्याच्या नळ्याही सालीलगत एका थरात नसून खोडभर विखुरलेल्या. म्हणून खोड पूर्ण तयार झालेल्या माडाला पत्रा दहा वर्षे राहिला तरी तो रुतत नाही. आंब्याला त्याच पत्र्याने दोन-तीन वर्षांत फास बसतो. जो पट्टा माडाला कायमचा लावायचा, तो आंब्याला हंगामापुरताच.

आंब्याला ग्रीसची पट्टी लावावी असे वाचले. गोव्यात उपयोगाची आहे?

ती पद्धत मुख्यतः उत्तर भारतातली, आंब्यावरच्या पिठ्या ढेकणासाठी. त्याची अंडी मातीत असतात आणि डिसेंबर-जानेवारीत पिल्ले चालत खोडावर चढतात. चालत चढतात म्हणूनच पट्टी चालते. डिसेंबरच्या मध्याला जमिनीपासून एक-दीड फुटावर २५ ते ३० सेंटीमीटर रुंद, ४०० गेजचे प्लास्टिक खोडाला गुंडाळतात. खालच्या सालीच्या भेगा चिखलाने लिंपतात, वर-खाली सुतळीने बांधतात आणि खालच्या कडेला प्लास्टिकवर ग्रीस लावतात. ग्रीस थेट सालीला कधीच लावू नये. उन्हात साल भाजते.

आपल्याकडे मानकुराद, मुसराद यांना छळतात ते तुडतुडे आणि फळमाशी. दोन्ही उडतात. त्यांना पट्टीने काही होत नाही. खोडावर पांढरी पिठूळ पिल्ले चालताना प्रत्यक्ष दिसली तरच पट्टी लावा आणि मे संपण्याआधी काढा.

चिकट गोंदाच्या तयार पट्ट्यांविषयी आमचे मत वाईट आहे. त्यांना पाली, सरडे, लहान पाखरेही चिकटतात.

मुंग्या चढू नयेत म्हणून काजूला चिकटपट्टी?

लाल हुमले (झाडावर घरटी करणाऱ्या लाल मुंग्या) असतील तर थांबा. ते चावतात हे खरे, काजू गोळा करताना जीव नकोसा करतात. पण काजूच्या कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषणाऱ्या ढेकण्यालाही तेच खातात. हुमले घालवून पुढच्या हंगामात ढेकण्यासाठी फवारणी करायची, यात पैसा आणि मोहोर दोन्ही जातात. बोंडे गोळा करण्याच्या वाटेवरची घरटी तेवढी हलवा.

काजूला खरी गरज आहे ती बुंध्याच्या लेपाची. खोडकिडीचा भुंगा बुंध्याच्या भेगांत आणि उघड्या मुळांवर अंडी घालतो. जमिनीपासून १ मीटरपर्यंत खोडाला आणि उघड्या मुळांना ५ टक्के कडुनिंबाचे तेल लावतात. १ लिटर पाण्यात ५० मिली तेल आणि ते मिसळावे म्हणून थोडा साबण. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसू लागला असेल तर नुसता लेप पुरणार नाही, अळी खरवडून काढावी लागेल.

बोर्डो पेस्टचा पट्टा कसा करतात?

झाडाच्या जखमांना बुरशीपासून राखणारा हा लेप. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतत ढवळा. चकचकीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. छाटणीच्या जखमा, बुंधा, फणसाच्या कापलेल्या फांद्या, सगळीकडे चालते.

रस्त्याकडेच्या झाडांवर दिसणारे गेरू-चुन्याचे पट्टे याच्याशी गोंधळू नका. ते मुख्यतः रात्री गाडीच्या दिव्यात झाड दिसावे म्हणून.

पोफळीला विरी का बांधतात?

नैऋत्येकडचे दुपारचे ऊन थेट खोडावर पडले तर पोफळीची हिरवी साल भाजते. आधी सोनेरी पिवळा डाग, मग तपकिरी, मग उभी चीर, आणि वर्षा-दोन वर्षांनी वाऱ्यात पोफळ तिथेच मोडते. म्हणून पाऊस सरला की बागेच्या दक्षिण-पश्चिम कडेच्या झाडांना पडलेली विरी, म्हणजे झावळीचा खालचा रुंद चिवट भाग, किंवा सबंध झावळी त्या बाजूने बांधतात. वाखाने किंवा सुंभाने बांधा आणि पुढच्या पावसाआधी सोडा. नाहीतर आत ओल धरते.

नवी लागवड असेल तर ओळी उत्तर-दक्षिण आखून उत्तर टोक ३५ अंश पश्चिमेकडे कलते ठेवतात. मग कडेच्या झाडांपुरतेच बांधावे लागते.

नर्सरीतून आणलेल्या कलमाची प्लास्टिक पट्टी कधी काढायची?

जोड एकजीव झाल्यावर, म्हणजे कलम बांधल्यापासून साधारण दोन ते तीन महिन्यांत. काजूची आणि आंब्याची कलमे जूनमध्ये घेताना जोडाच्या जागी बोट फिरवा. दोन सेंटीमीटरची ती पट्टी अजून असेल आणि तिच्या वर खोड फुगलेले लागत असेल तर ब्लेडने उभी चीर देऊन पट्टी सोडवा. ओढून काढू नका. पट्टी तशीच ठेवून लावलेली कलमे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात जोडावरच मोडतात आणि दोष वाऱ्याला दिला जातो.

नाताळच्या रोषणाईची तार आंब्याला राहिली, आता रुतली आहे.

उपटू नका, साल सोबत येईल. तार दिसते तिथे तीन-चार ठिकाणी तोडा. सैल तुकडे काढा, सालीने गिळलेले तिथेच सोडा. फास सुटला एवढे पुरे. उघड्या जखमेला बोर्डो पेस्ट. पुढच्या डिसेंबरला रुंद कापडी पट्टी वापरा आणि जानेवारीत ती उतरवायची जबाबदारी कुणावर तरी नावानिशी टाका.

पत्र्याची देखभाल काय?

वर्षातून एकदा, पावसानंतर. पत्र्यावरचे शेवाळ ओल्या फडक्याने पुसा, कारण शेवाळावर नख्या रुततात. याच कारणासाठी पत्र्याला खरखरीत रंग देऊ नका. पत्रा आणि खोड यांच्यात हात घालण्याआधी काठीने ठोका, आत विंचू असू शकतो.

पाडेली म्हणतो, पत्रा काढल्याशिवाय चढणार नाही.

त्याचे बरोबर आहे. पायाला दोर लावून चढणाऱ्याला पत्र्यावर पकड मिळत नाही, आणि चढण्याच्या यंत्राची तार तर गुळगुळीत पत्र्यावर सरळ खाली घसरते. दोन उपाय. एक, पत्र्याच्या वरपर्यंत पोचेल अशी शिडी माडाला घट्ट बांधून द्यायची. दुसरा आम्हाला जास्त पटतो. जोडाच्या चार तारांऐवजी पत्र्याच्या एका पदराला तारेच्या आकड्या आणि दुसऱ्याला त्या अडकतील अशी भोके ठेवा. आकड्या सोडल्या की पत्रा उतरतो, नारळ काढून झाले की परत चढतो. उतरवलेला पत्रा माडाला टेकून ठेवू नका, वरून नारळ पडतात.